सहज केल्तो

मामाचा फोन महिन्याच्या एक ते पाच तारखेच्या आत येतो आणि तो नेहमी सहज केलेला असतो.

"काय नाही बे, सहज केल्तो," असं म्हणून मामा सुरुवात करतो. आधी उजनी धरण किती टक्के भरलं ते सांगतो. मग पुण्यात पाऊस आहे का विचारतो. मग "जेवलास का?" हा प्रश्न सकाळी साडेदहाला. तोवर माझी मीटिंग सुरू झालेली असते. एका कानात मॅनेजर, दुसऱ्या कानात मामा, आणि दोघांनाही मी "हो, हो, बघतो" एवढंच म्हणत असतो. मग मामा एक लांब श्वास सोडतो आणि म्हणतो, "मग? बाकी?"

'बाकी' हा शब्द हिशेबाच्या वहीतला आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"बाकी काय नाही," मी म्हणतो.

"बरं मग, ठेवतो," मामा म्हणतो, आणि ठेवत नाही. सहज केलेल्या फोनचा खरा मजकूर 'ठेवतो'च्या पुढे असतो. "अरे हां, ते बोअर मारलं बघ शेतात. तीनशे वीस फूट गेलं. नुसता फुफाटा."

एवढंच. यात मागणी कुठे आहे, दाखवा. ही भूगर्भाविषयीची एक बातमी आहे. ती ऐकून मी काय करावं, याबद्दल मामा चकार शब्द काढत नाही. मी मात्र दिवसभर त्या फुफाट्यात फिरत राहतो आणि संध्याकाळी पंधरा हजार पाठवून देतो. पाचव्या मिनिटाला मामाचा फोन, यावेळी सहज नव्हे, रागावून. "का पाठवलास? मी मागितलो का?"

नव्हतेच मागितले. आमच्याकडे कुणीच कधी काही मागत नाही. पैशाच्या बाबतीत आमच्या घराण्याइतकं स्वाभिमानी घराणं सोलापूर शहरात दुसरं नसेल. आत्या म्हणते, पत्र्याचं शेड गळतंय. चुलतभाऊ म्हणतो, पोरीला कॉलेजची यादी लागली. शेजारच्या अक्का म्हणतात, जावयाची गाडी ओढून नेली. हे सगळं आकाशवाणीच्या बातम्यांसारखं, कुणालाही उद्देशून नसलेलं. ऐकणारा पगारदार एकच आहे, हा निव्वळ योगायोग.

पगारदार म्हणजे मी. आजोबा गिरणीत, वडील गिरणीत, आई घरी बसून विड्या वळायची. अशोक चौकात वालचंदला शिकून मी इंजिनियर झालो आणि एका सकाळी शेंगाचटणी, कडक भाकरी आणि एक चादर घेऊन हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलो. सोलापूरची निम्मी तरणी पोरं याच गाडीनं पुण्याला गेली. ज्या चौघांवरून गाडीला नाव मिळालं, ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. त्यांच्यापुढे आम्ही पुण्याला उतरणारे अगदीच किरकोळ. आमचा फक्त पगार जातो.

पहिला पगार बँकेत जमा झाला, तर आई म्हणाली देवापुढे काय ठेवू, मेसेज? म्हणून सगळा रोख काढून सोलापूरला नेला. तो देवापुढे एक रात्र राहिला. दुसऱ्या दिवशी आत्याला साडी, मामाला धोतरजोडी, चुलत्याला चष्मा, दोन चुलतबहिणींना घड्याळं, अख्ख्या बोळाला पेढे. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या तिकिटाला वडिलांनी पैसे दिले.

२०२० साली आमच्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलर. गुरुजींनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. जगाला आश्चर्य वाटलं, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. आमच्या बोळात कुणाला काही विशेष वाटलं नाही. आत्या फक्त म्हणाली, "निम्मे राहिले कसे त्याच्याकडं?"

आता मी कुरकुर करतोय असं वाटत असेल तर दुसरी बाजूही सांगायला हवी. माझी पहिल्या वर्षाची फी भरताना आत्यानं पाटल्या गहाण टाकल्या. अक्कांनी भिशीतला आपला नंबर आईला दिला आणि स्वतः शेवटचा घेतला. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते, ती मला मिळाली. या सगळ्या देणाऱ्यांत सरकार हा एकच असा निघाला, की ज्यानं नंतर सहज फोन केला नाही. आणि मामानं म्हैस विकली. त्या म्हशीचं दूध मामाला अजून मिळतं, फक्त ती आता हिंजवडीत बांधलेली आहे.

पण हे सहज फोन लोभापोटी नव्हेत. मला वाटतं, याचं मूळ आमच्या नळात आहे. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ज्यानं हे भोगलं नाही त्याला कळणार नाही, की नळ आला म्हणजे घरात काय होतं. टाकी, पिंप, घागरी, कळशी, कुकर, चहाची किटली, पोराची पाण्याची बाटली, सगळं भरून घ्यायचं. तहान आहे का, हा प्रश्नच नसतो. पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून भांडं दिसलं की ते नळाखाली. घराण्यात पहिल्यांदा एवढा पगार आला, तो असा आला. लोकांनी आपापली भांडी आणून लावली. मलाही नळाचं मन आहे, हे कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नाही. नळ कधी चिडलेला कुणी पाहिलाय?

शिवाय पगार ही वस्तू जाते, हे आमच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. जुनी गिरणी १८७७ ची. शंभराहून जास्त वर्षं या शहराचं घड्याळ गिरण्यांच्या भोंग्यावर चाललं. भोंगा झाला की भाकरी, भोंगा झाला की शाळा. मग एकामागून एक भोंगे बंद झाले. वडील कुठल्या गिरणीत होते ते विचारू नका, सगळ्यांचा शेवट सारखाच. एका सकाळी डबा घेऊन गेले आणि तोच भरलेला डबा घेऊन तासाभरात परत आले. मी लहान होतो, मला आनंद झाला की आज बाबा घरी. त्यानंतर त्यांनी वीस वर्षं एका चादर कारखान्यात यंत्रमाग चालवला, पण भोंग्याची नोकरी ती नोकरी. आता ते मला दर रविवारी फोन करतात. बोलायला त्यांना आवडत नाही, एकच प्रश्न असतो.

"कंपनी चालू हाय ना?"

सुरुवातीला मी हसायचो. कंपनी बंद कशी होईल, बाबा, जगभर तिची ऑफिसं आहेत. हल्ली आमच्या मजल्यावरची माणसं मेल येऊन कमी होतात. डबा तर नसतोच, पुठ्ठ्याचा खोका असतो, त्यात कॉफीचा मग आणि एक छोटं रोपटं. आता वडिलांनी विचारलं की मी खरंच एकदा आजूबाजूला बघून घेतो आणि मग सांगतो, "चालू आहे."

बोअर, पत्रा, कॉलेज हे सगळं परवडलं. मला आडवं पाडलं ते एका सहीनं. मामानं एका पतसंस्थेतून कर्ज काढलं. जामीनदार पगारदार हवा होता. "एक रुपया द्यायचा नाही तुला," मामा म्हणाला, "नुसती सही तर करायचीय." माझा आनंद काय वर्णावा! आयुष्यात प्रथमच एखाद्या कामात एक रुपया द्यायचा नव्हता. मी चार ठिकाणी सह्या केल्या आणि वर चहाही पाजला. पुढे वर्षभरानं माझ्या नावावर नोटीस आली. तेव्हा कळलं, की १८७२ च्या करार कायद्याचं एक कलम आहे, १२८ क्रमांकाचं. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, वेगळा करार नसेल तर. म्हणजे पतसंस्थेनं आधी मामाच्या दारात जावं असंही बंधन नाही. तिला पुणे जवळ वाटलं तर ती पुण्याला येऊ शकते. तिला वाटलं.

मामाला फोन केला तर तो मनापासून चकित. "तुला पाठवलेत? अरे, मला विचारायचं की त्यांनी!"

त्याच सुमारास माझ्या छातीत डाव्या बाजूला दुखायला लागलं. रात्री तीनला जाग यायची. जागा झालो की बेरीज सुरू. पत्रा अधिक कॉलेज अधिक हप्ता अधिक नोटीस. वजाबाकी एकच, पगार. पहाटे पाचपर्यंत उत्तर यायचं नाही आणि सहाला गजर व्हायचा. ऑफिसात मित्रांबरोबर कॉफी प्यायला गेलो तर तीनशे ऐंशीचं बिल बघून मला कपात विड्या दिसायच्या. हे आमचं घरातलं चलन आहे. डॉलरचा भाव रोज बदलतो, विडीचा हजारी दर वर्षानुवर्षं हलत नाही, त्यामुळे हिशेबाला बरा. ती एक कॉफी म्हणजे आईचा एक अख्खा दिवस आणि वर दुसऱ्या दिवसाचा बराचसा भाग, मान खाली घालून. मग ती कॉफी गिळायची कशी आणि टाकायची कशी?

हृदयाच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, पट्ट्यावर पळवलं, आणि म्हणाले, हृदय उत्तम आहे, तुम्हाला ताण आहे. मी ही बातमी सोलापूरला कळवली. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, तेही फोनवर, माझा फोटो समोर धरून. आत्या म्हणाली पोट साफ नसेल. मामानं विचारलं, "ताणाला विमा देतात का?" (देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच धरायला लावलंय. पण हे मी मामाला सांगितलं नाही. रक्कम किती, हा पुढचा प्रश्न मला दिसत होता.) सगळ्यात शांत राहिले ते वडील.

"ताण पायजेच की," ते म्हणाले. "ढिल्या ताण्यावर चादर निघत नसती."

चाळीस वर्षं मागावर घालवलेल्या माणसाला ताण आणि ताणा हे दोन वेगळे शब्द आहेत असं वाटणार तरी कसं? मी म्हणालो, बाबा, पण फार ताणला तर? "तर धागा तुटतो. मग माग थांबवायचा, कुठला तुटला ते हुडकायचं, गाठ मारायची, परत चालू." "आणि माग थांबवला नाही तर?" "तर पुढची सगळी चादर छिद्राची." एवढं बोलून त्यांनी कंपनी चालू आहे ना, हे विचारून फोन ठेवला. माग कसा थांबवायचा ते मात्र सांगायचं राहिलं. त्याला एक दांडी असते म्हणे.

माझ्या कंपनीत सहा वेळा फुकट समुपदेशन मिळतं. फुकट या शब्दावर माझा संशय होता, पण सही करायची नव्हती म्हणून गेलो. ज्यांच्या कंपनीत हे नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, मराठीतूनही, फुकटच. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, जागतिक मानसिक आरोग्य दिनी. योगायोगानं ही आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची जन्मतारीख. कोटणीस मोठे, १९३८ साली चीनला जखमी सैनिकांच्या सेवेला गेले आणि तिथंच त्यांनी देह ठेवला. पण मी शाळेत असताना त्यांचा धडा वाचत होतो तेव्हा आत्यानं एकच विचारल्याचं आठवतं: "शिकून डॉक्टर झाला आणि इतक्या लांब गेला? मग घरच्यांचं कोण बघत होतं?"

समुपदेशक बाईंचा आवाज फार मऊ होता. त्यांनी विचारलं, "कुणी तुमच्याकडे पैसे मागतं, तेव्हा ते शरीरात नेमकं कुठे जाणवतं?"

"खिशात," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, तुम्हाला बाउंड्री घालायला शिकलं पाहिजे. मला पहिल्यांदा इंदिरा गांधी स्टेडियम आठवलं, मग शेताचा बांध. बांध म्हणाल तर आमच्या मामाचं आणि त्याच्या भावकीचं बांधावरून वीस वर्षं कोर्टात चाललंय, आणि त्या वकिलाच्या फीचा काही भाग मीच दिलाय. बाई म्हणाल्या, तसलं काही नाही, तुम्ही फक्त 'नाही' म्हणायला शिका.

आता 'नाही' या शब्दाची सोलापुरात टंचाई नाही. आमच्या बोळात मराठीत 'नाही' म्हणतात, तेलुगूत 'लेदु' म्हणतात, कन्नडमध्ये 'इल्ला' म्हणतात आणि दखनीत 'नक्को' म्हणतात. चहा घेणार का, याला मी चारही भाषांत नकार देऊ शकतो. (आणि तरी चहा येतो, हे वेगळं.) पण नकाराला आधी प्रश्न लागतो. "बोअरला पाणी लागलं नाही" याला "नाही" म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो? मी बाईंना ही व्याकरणाची अडचण सांगितली. त्यांनी मला एक तयार वाक्य दिलं: "तुमची अडचण मला समजते, पण या महिन्यात मला शक्य होणार नाही." हे आठवडाभर आरशासमोर म्हणायचं. मी बाथरूममध्ये म्हणायचो. बायकोनं बाहेरून विचारलं, "काय शक्य होणार नाही?"

एक तारखेला मामाचा फोन. सहज. उजनी, पाऊस, जेवण, बाकी, ठेवतो. "अरे हां, ते आत्याच्या शेडचा पत्रा उडाला बघ वाऱ्यानं."

मी डोळे मिटले आणि वाक्य म्हटलं. अगदी बाईंच्या आवाजात.

पलीकडे शांतता. इतकी, की मामाच्या मागचा टीव्ही ऐकू आला. मग मामा अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुला बरं नाही का बे?"

पुढच्या अर्ध्या तासात आईचा फोन, चुलत्याचा फोन, अक्कांचा फोन. नोकरी गेल्याची बातमी अशोक चौकातून कन्ना चौकात पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वडिलांचा फोन आला, आणि तोही शनिवारी. "कंपनी..." एवढंच ते म्हणाले आणि थांबले. मी शपथेवर सांगितलं की चालू आहे. ते म्हणाले, "मला सांग. मी कुणाला सांगत नाही." रात्री साडेनऊला माझ्या फोनवर आत्याकडून दोन हजार रुपये आले. खाली लिहिलेलं, "ठेव तुला. पत्र्याचं बघू नंतर."

मला त्या दिवशी छातीत दुखलं नाही. वेगळीकडे कुठेतरी दुखलं, पण बाईंच्या यादीत ती जागा नव्हती.

मी कायद्यातही डोकावून बघितलं. आईवडिलांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जुन्या करपद्धतीत सूट मिळते, मामाच्या बोअरवर मिळत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं मुलांवर आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी टाकली आहे. नातेवाइकाची जबाबदारी तेव्हाच, जेव्हा तो निपुत्रिक असेल आणि त्याची इस्टेट आपल्याला मिळणार असेल. मामाला तीन मुलगे आहेत. इस्टेट म्हणजे ते बोअर.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला गेलो. सोलापूरकर जगात कुठेही असो, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या दारात येतो आणि नातेवाइकांच्या तावडीत सापडतो. संध्याकाळची वेळ. आई मांडीवर सूप घेऊन बसलेली. साठी उलटली तरी विड्या सोडत नाही. मी म्हणतो बंद कर, मी देतो की, तर म्हणते माझे हात काय करतील? भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांत गोल फिरवायची, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. हे चालू असताना ती टीव्ही बघते, भांडते, भाव करते. सुपाकडे बघत नाही.

तेवढ्यात बोळातली एक बाई आली. उंबऱ्यावर टेकली. ऊन, थंडी, यात्रेची गर्दी, सुनेचं माहेरपण. मग "येते गं" म्हणून उठली, आणि उठता उठता: "गॅस संपला बघ आजच. टाकीवाला उद्या येतो म्हणलाय."

मी ओळखलं. मी सरसावून बसलो, माझा हात सवयीनं खिशाकडे गेला. आईनं विडी बांधता बांधता, मान वर न करता म्हटलं, "अगबाई, आत्ताच दिवा लावला की गं. आता तिन्हीसांजेला लक्ष्मी कशी काढू बाहेर?"

"हो की! माझंच मेलीचं ध्यान नाही," बाई म्हणाली, आणि वाटीभर शेंगाचटणी घेऊन हसतमुखानं गेली.

मी थक्क. सहा बैठकांत बाईंना जे मला शिकवता आलं नाही ते आईनं एका वाक्यात, विडी न चुकवता केलं होतं. "आणि सकाळी आली तर?" मी विचारलं.

"सकाळी शुक्रवार. शुक्रवारी देतात का?"

"शनिवारी?"

"शनिवारी तेल, मीठ, लोखंड घरातनं जाऊ देत नसतात."

"पैसे म्हणजे लोखंड आहे का?"

"नाणी कशाची असतात?" (मी नंतर पाहिलं. एक-दोन रुपयांची तरी स्टेनलेस स्टीलची.)

"मग अमावस्या, ग्रहण, पितृपक्ष. तू देतेस तरी कधी?"

"द्यायचं असलं की," आई म्हणाली. "तिला उद्या दुपारी हजार देणार हाय मी. आले तर आले, नाहीतर छाट."

छाट हा विडी कारखान्यातला शब्द. आई माल घेऊन जाते तेव्हा तपासणारा माणूस हात फिरवतो आणि वाकड्या, ढिल्या, तोंड उघड्या विड्या बाजूला काढतो. ती छाट. तिचे पैसे नाहीत. भांडून उपयोग नसतो. म्हणून आई हजाराच्या हिशेबाला बसते तेव्हा हजार वळत नाही, वर थोड्या जास्त वळते. "छाट धरूनच बसायचं," ती म्हणाली. "मग तो काढताना जीव जळत नाही. आणि ठरवल्यापरीस जास्त काढायला लागला, की आवाज करायचा."

पुण्याला परत आल्यावर मी एक्सेलच्या तक्त्यात एक रकाना वाढवला. भाडं, हप्ता, विमा, म्युच्युअल फंड, छाट. दर महिन्याला ठरावीक रक्कम. ती मामाची, आत्याची, अक्कांची, आणि ती परत येणार नाही हे पहिल्याच दिवशी गृहीत. संपली की संपली. समुपदेशक बाईंना हे इतकं आवडलं, की त्यांनी स्पेलिंग विचारलं.

पण तो रकाना संपल्यावर फोन आला तर बोलायचं काय, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी यात्रेतच मिळालं होतं. सातही नंदीध्वज संमती कट्ट्याकडे आले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते पेलून उभी, आणि मंगलाष्टका होऊन अक्षता पडल्या. लहानपणापासून मी त्या टाकतोय. हे लग्न कुणाचं ते सगळ्या सोलापूरला पाठ आहे. बाराव्या शतकात एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते तर योगी. आता बाईंचं वाक्य घेऊन बघा: "तुझी भावना मला समजते, पण मला शक्य होणार नाही." पोर रडत घरी गेली असती, आणि सोलापूरला यात्रा मिळाली नसती. सिद्धरामांनी 'नाही' म्हटलं नाही. त्यांनी आपला योगदंड पुढे केला, म्हणाले, याच्याशी लग्न लाव. पोरीचा मान राहिला, योग्याचं व्रत राहिलं, आणि लोक अजून अक्षता टाकतायत. जिथे टाकतात त्या कट्ट्याचं नाव तर संमती कट्टाच आहे. गर्दीत माझ्या शेजारी मामा उभा होता. तो डोळे मिटून हात जोडत होता आणि मी त्याच्याकडे बघत विचार करत होतो की याच्यापुढे कोणती काठी करावी.

फेब्रुवारीची एक तारीख. छाट जानेवारीतच आगाऊ संपलेली, यात्रेमुळे. संध्याकाळी सातला फोन वाजला.

"काय नाही बे, सहज केल्तो."

उजनी झालं. थंडी झाली. जेवलास का झालं. बाकी झालं. ठेवतो झालं.

"अरे हां, ते मोटर जळाली बघ."

मी खिडकीबाहेर पाहिलं. अंधार पडला होता. "मामा," मी म्हणालो, "आत्ताच दिवा लागलाय घरात. तिन्हीसांजेला लक्ष्मी बाहेर काढत नसतात."

पलीकडे पुन्हा ती शांतता. मला पुढचे फोन दिसायला लागले, आई, चुलता, अक्का, वडील. पण मामाचा आवाज आला तो भरून आल्यासारखा.

"वा बे! पुण्यात राहूनबी ध्यानात ठेवलास. आमची पोरं इथं राहून विसरली." मग तिकडे तोंड करून मामीला सांगितलं, "बघ, शिकलेला हाय पण रीत सोडला नाही." मग पुन्हा मला, "बरोबर हाय तुझं. दिवेलागणीला हातानं पैसा देऊच नये."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"हातानं," मामा म्हणाला. "फोनवरनं चालतंय."